पासिंग २०२९ पर्यंत आहे, म्हणून गाडी घेऊ का?

जुन्या गाड्यांच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न मला फिरून फिरून येतोय. "सर, पद्मिनी मिळतेय. पासिंग २०२९ पर्यंत आहे. घेऊ का?" कोणाला ती प्री-वेडिंग शूटला द्यायची आहे, कोणाला वरातीला, एका ताईंना कॅफेच्या दारात उभी करायची आहे. आयडिया चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण प्रश्नातलं ते मधलं वाक्य मला खटकतं. पासिंग आहे, म्हणजे गाडी तपासलेली आहे, म्हणजे आपण परत बघायची गरज नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. विकणाराही तोच अर्थ लावून देतो.

माझं मत सरळ आहे. पासिंगवर विश्वास ठेवून जुनी गाडी घेऊ नका. पासिंग खोटं असतं असं मी म्हणत नाही. खोटंही असू शकतं, पण तो वेगळा विषय झाला. अगदी प्रामाणिकपणे, नियमात बसवून केलेलं पासिंगसुद्धा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

माझं कोल्हापुरात ऑटो स्पेअरचं दुकान आहे. गाडी घेतल्यावर लोक माझ्या काउंटरवर येतात, घेण्याआधी कोणी येत नाही. त्यामुळे पासिंग ताजं असलेल्या गाड्यांना पहिल्या दोन महिन्यांत काय काय लागतं, ते मला बिलावरून दिसतं.

आधी हे पासिंग म्हणजे नक्की काय ते बघू. आपल्या बोलण्यात पासिंग हा एकच शब्द आहे, कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळ्या नंबर प्लेटच्या गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, नंतर दरवर्षी. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची, फी भरायची, आणि नोंदणी ५ वर्षं वाढवून घ्यायची. पुढे परत ५, परत ५.

आता गणित करा. टॅक्सी म्हणून पळणारी जुनी गाडी दरवर्षी तपासली जाते. तेवढीच जुनी खासगी गाडी पाच वर्षांत एकदा. "२०२९ पर्यंत पासिंग" याचा अर्थ इतकाच की २०२४ मध्ये कधीतरी एका इन्स्पेक्टरनं ती गाडी बघितली होती. त्यानंतर तिनं किती पावसाळे उघड्यावर काढले, किती महिने ती जागेवर उभी होती, यातलं काही त्या तारखेत नाही. आणि जुन्या गाडीला पळण्यापेक्षा उभं राहणं जास्त खातं. ब्रेकचे सिलिंडर अडकतात, रबरं कडक होतात, टाकीत गंज धरतो.

बरं, त्या दिवशी तरी काय बघितलं असेल? ब्रेक लागतो का, लाइट, हॉर्न, वायपर चालतात का, टायर बरे आहेत का, स्टिअरिंगला फार खेळ नाही ना, चासी नंबर जुळतो का. जिथे ऑटोमॅटिक टेस्टिंग स्टेशन आहे तिथे ब्रेक रोलरवर मोजतात, हेडलाइटचा झोत मशीनवर बघतात. हे सगळं गरजेचंच आहे. इन्स्पेक्टरच्या डोक्यात प्रश्न असतो की ही गाडी रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे का. इंजिन अजून किती वर्षं काढेल, गिअर बॉक्स कुरकुरतोय का, पत्रा आतून शाबूत आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. तुमच्या भांडवलाची काळजी त्यानं का करावी?

इंग्लंडमध्ये या चाचणीला एमओटी म्हणतात. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागते, आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तरीसुद्धा तिथलं सरकार स्वतः स्पष्ट सांगतं की या चाचणीत इंजिन, क्लच आणि गिअर बॉक्सची अवस्था येत नाही. पण त्यांच्याकडे एक सोय फार चांगली आहे, ती आपल्याकडे यायला हवी. गाडीचा नंबर टाकला की जुन्या चाचण्यांचे निकाल कोणालाही फुकट दिसतात. कधी नापास झाली, कशामुळे झाली, कुठे गंज दिसला, किलोमीटर किती होते. आपल्या एमपरिवहन ॲपवर पासिंगची तारीख दिसते, इन्शुरन्स, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. पण तपासणीत काय सापडलं होतं ते दिसत नाही. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात फक्त निकाल येतो, पेपर नाही. मार्क न दाखवता "पास" म्हणून सांगितलं तर आपण पोराच्या शाळेत जाऊन चार प्रश्न विचारू ना?

आता पद्मिनीबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायची, तीच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअर. उत्पादन २००१ च्या आसपास बंद झालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळीकडे फोटो फिरले आणि तेव्हापासून हौशी लोकांची मागणी वाढली. विकणाऱ्यांचे भावही वाढले, हे वेगळं सांगायला नको.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच चासी आहे. दारांच्या खाली जो लांब पोकळ बॉक्स असतो ना, तो आणि खालची फ्लोअर, यांच्यावर सगळा भार. तो बॉक्स आतून गंजतो. पाणी दाराच्या रबरातून आत जातं, बाहेर यायची भोकं मातीनं बुजलेली असतात, आणि पत्रा आतून बाहेर असा खात येतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. मग डेंटर त्यावर लांबी भरतो, रंग मारतो, खालून काळं कोटिंग मारतो. पासिंगला गाडी आली की चकाचक. इन्स्पेक्टर काय स्क्रू ड्रायव्हरनं खोदून बघणार आहे का?

आमच्या एका बॅचमधल्या मुलानं अशीच गाडी घेतली. पासिंग चार वर्षं शिल्लक, रंग नवा, सीट कव्हर नवी. आईचं सोनं तारण ठेवून पैसे उभे केले होते. घेतल्यावर महिन्याभरात पंक्चर काढायला जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी जागेवरच राहिली. जॅक पॉइंटचा पत्रा चुरा होऊन खाली आला. दोन्ही बाजूंचे बॉक्स आणि पुढची अर्धी फ्लोअर बदलावी लागली. त्याला फसवलं असं कायद्यानं म्हणता येत नाही. कागद खरे होते, पासिंग खरं होतं. गाडी घ्यायच्या आधी त्यानं जॅक लावायला फक्त दहा मिनिटं लागली असती.

म्हणून पहिली तपासणी हीच. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत या. लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खाली, चाकांच्या कमानीला, हेडलाइटच्या भोवती फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. आतलं मॅट उचला, सीटखाली हात घाला. चारही जॅक पॉइंटवर जॅक लावून गाडी उचला आणि उचललेली असताना दार उघडून लावून बघा. दार अडकायला लागलं तर बॉडी वाकतेय.

ब्रेकबद्दल माझं थोडं जास्त ऐका, कारण लायनर मी रोज विकतो. या गाड्यांना ड्रम ब्रेक. पासिंगच्या दिवशी ब्रेक ॲडजस्ट करून नेला की लागतो. चार दिवसांनी परत पेडल खाली. एकदा मारून बघितलेला ब्रेक काहीच सांगत नाही. किमान एक चाक काढून ड्रम उघडायला लावा. आत व्हील सिलिंडर ओला दिसला, लायनरवर ऑइलचा डाग दिसला, तर चारही चाकांचं काम धरून चाला. पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवा, हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलेला आहे. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा, खेळ आला तर किंग पिनचं काम. पार्ट मिळतात, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात अजून बरंच काही मिळतं, पण दर्जाची खात्री नाही आणि दोन-दोनदा बदलावं लागतं. तो वेळ धंद्याच्या सीझनमध्ये तुमच्याकडे नसतो.

शूटची परीक्षा आरटीओ घेत नाही

हा मुद्दा व्हिडिओत राहून गेला होता. तपासणी नेहमी तुमच्या वापराप्रमाणे करा. प्री-वेडिंग शूटमध्ये गाडी पळत नाही. दहा मीटर पुढे, दहा मीटर मागे, परत पुढे. ड्रोनवाला म्हणतो अजून एकदा. मे महिन्याचं ऊन, इंजिन चालूच. पद्मिनीच्या मूळ रचनेत रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर, इंजिनसोबतच फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद. अशा वापरात गाडी तापते, पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ धरते आणि बंद पडते. मग नवरदेव धक्का मारतोय असा फोटो येतो. फोटो छान दिसेल, पेमेंट मिळणार नाही.

त्यामुळे घ्यायच्या आधी दुपारी दोन वाजता गाडी बघायला जा. सकाळी नको. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, इंजिन थंड पाहिजे. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड इंजिन कसं चालू होतं ते तुम्हाला कळू द्यायचं नाहीये. चालू झाल्यावर पाऊण तास तशीच हळू पुढे-मागे करा. तापमानाचा काटा बघा. क्लचचा वास येतो का बघा. बंद करून दहा मिनिटांनी गरम इंजिन परत चालू होतं का बघा. मागे निळा धूर असेल तर इंजिन ऑइल पितंय, बोअरचं काम जवळ आलंय. पीयूसी आहे म्हणून धुराचा विचार सोडू नका, जुन्या गाड्यांना मर्यादाच जुन्या काळातल्या, सैल लागतात. पेट्रोलचे रबरी पाइपही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

आणि कॅफेच्या दारातच उभी करायची असेल तर? मग इंजिनवर पैसे घालवूच नका. बॉडी भक्कम, इंजिन गेलेली गाडी स्वस्तात बघा. त्या ताईंना मी हेच सांगितलं. पासिंग ताजं असलेल्या गाडीचे जास्तीचे पैसे त्यांनी कशासाठी द्यायचे?

कागदांची बाजू

आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला इंजिन नंबर स्वतः जुळवा, एजंटनं पाठवलेला फोटो चालणार नाही. या गाड्यांची इंजिनं भरपूर बदलली गेलीत, पेट्रोलची डिझेल झाली, सीएनजी बसली. आरसीवर पेट्रोल आणि आत दुसरंच काही असेल, तर पुढच्या पासिंगला अडकणार तुम्ही. इन्शुरन्सचा क्लेमही अडकतो. डाव्या बाजूच्या पुढच्या पत्र्यावर बुजवलेली भोकं दिसली तर जुन्या टॅक्सी मीटरची असू शकतात. छतावर कॅरिअरच्या खुणा बघा. टॅक्सी असणं पाप नाही, पण मग भाव खासगी गाडीचा द्यायचा नाही.

आरसीवर ज्याचं नाव तो समोर पाहिजे. "मालक वारले, पोराची सही आहे" असं असेल तर वारसाच्या नावावर गाडी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि नोंदणीची साखळी मागा. १९९६ ची गाडी असेल तर २०११, २०१६, २०२१ अशी नूतनीकरणं झालेली असायला हवीत. मधली काही वर्षं रिकामी असतील तर गाडी तेवढा काळ कुठे होती ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर "अंगणात, ताडपत्रीखाली" असंच असतं, आणि मग पत्र्याकडे दुप्पट लक्ष द्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर एजंट कधीच बोलत नाही. पांढऱ्या प्लेटची गाडी रस्त्यावर भाड्यानं चालवता येत नाही. खासगी इन्शुरन्सही भाड्याच्या वापरात लागू होत नाही. वरातीत अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं निघालं तर नुकसान तुमच्या खिशातून. पासिंग कितीही वर्षांचं असू दे, ते पांढऱ्या प्लेटचं पासिंग आहे. वरातीचाच धंदा करायचा असेल तर इतक्या जुन्या गाडीला पिवळी प्लेट आणि परमिट मिळतंय का, हे तुमच्या आरटीओत आधी विचारा, शक्यतो लेखी उत्तर घ्या, मगच टोकन द्या. खासगी आवारात, गाडी हा सेटचा भाग म्हणून शूटला देणं त्यामानानं सोपं आहे. गाडी तिथवर टो करून न्यायची.

काही जण आता नवीन बोलायला लागलेत, "सर, ५० वर्षं झालीत, व्हिंटेज नंबर मिळेल, लाइफ बनेल." २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, हे खरं. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्याच नियमात लिहिलंय की ही गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. हौशी माणसाला उत्तम. धंद्याला घेणाऱ्यानं व्हिंटेज नंबरचे जास्तीचे पैसे देण्यात काही अर्थ नाही, उलट हात बांधले जातात.

किंमत कशी ठरवायची

"मग सर, पासिंगला किंमतच नाही का?" आहे. पासिंग संपलेली गाडी घेतली तर फी, पर्यावरण कर, उशिराचा दंड, चकरा, सगळं तुमच्यावर येतं. खासगी कारच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली. म्हणजे शिल्लक पासिंगची किंमत साधारण तेवढीच, अधिक वाचलेली दगदग. विकणारे त्याच्या जोरावर पन्नास-साठ हजार जास्त मागतात, तिथे माझा आक्षेप आहे.

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजुतीसाठी. गाडी २ लाखांना मिळतेय. शूटचं एक बुकिंग ८,००० रुपयांचं. टोइंग, माणूस, सफाई जाऊन ५,५०० राहतात. वर्षाला २५ बुकिंग धरली तर १,३७,५००. त्यातून इन्शुरन्स, जागा आणि दुरुस्तीसाठी ५०,००० बाजूला काढले की ८७,५०० उरतात. २ लाख सव्वादोन वर्षांत सुटतात, चांगला धंदा आहे. पण पत्रा, ब्रेक आणि इंजिनचं मिळून १,४०,००० चं काम निघालं, तर तेच भांडवल सुटायला जवळजवळ चार वर्षं लागतात. तोवर पुढचं पासिंग दारात उभं. त्याच गाडीत, त्याच पासिंगमध्ये, फरक फक्त तुम्ही आधी बघितलं की नंतर कळलं याचा.

म्हणून भाव करायला जाताना कामाची यादी हातात घेऊन जा. एक जुना मिस्त्री सोबत न्या, ज्याचे केस फियाटमध्येच पांढरे झालेत असा. त्याला दिवसाचे हजार-पंधराशे द्या, चहा-नाष्टा द्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही ना ते बघा. त्यानं सांगितलेला खर्च लिहून काढा, मागितलेल्या भावातून वजा करा, आणि तो आकडा सांगा. विकणारा म्हणेल, "पासिंग आहे ना साहेब, मग कशाला एवढं?" तेव्हा वाद घालू नका. त्याला म्हणा, ठीक आहे, टोकन देतो, पण कागदावर लिहा की सात दिवसांत लिफ्टवर तपासून यापेक्षा मोठं काम निघालं तर टोकन परत. बॉडीची खात्री असलेला माणूस सही करतो. बाकीचे "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" म्हणतात. येऊ द्या त्याला.